बाहीला एक चीर, पाठीला एक

जेरुशा टिल्डनने त्या रविवारी आईच्या लाल बाह्या घातल्या, आणि पहिले प्रवचन संपेपर्यंत मार्शवेल गावाला नरकापेक्षा तिच्या कोपरांची चिंता जास्त लागून राहिली.

तसे बाकीचे कपडे रोजचेच होते. केस झाकणारे पांढरे टोपडे, खांद्यांवरून पुढे बांधलेला रुमाल, अक्रोडाच्या सालीत रंगवलेली चोळी, जाड लोकरीचा करडा घागरा आणि त्यावर निळा एप्रन. अशा बायका मार्शवेलमध्ये पैशाला पासरी. पण बाह्या चोळीला शिवलेल्या नसतात. त्या वेगळ्या असतात आणि खांद्याशी नाड्यांनी बांधायच्या असतात. जेरुशाने सकाळी करड्या बाह्या सोडल्या आणि लाल बांधल्या, एवढाच तिचा पराक्रम. मात्र त्या लाल बाह्यांना प्रत्येकी तीन लांब चिरा होत्या, आणि हात हलला की चिरांतून आतले पिवळे रेशीम डोकावून परत आत जात होते.

घालायला कारणही तसेच होते. जेबेझ लंटशी तिचे लग्न ठरल्याची घोषणा त्या दिवशी प्रार्थनाघरात व्हायची होती. जेबेझ पिंपे बनवायचा, बोलायचा कमी आणि हसायचा जास्त. लग्न म्हणजे तरी काय, न्यायाधीशापुढे उभे राहून हो म्हणायचे आणि घरी येऊन काकवी घालून भाजलेला घेवडा खायचा. फुले नाहीत, अंगठी नाही, वाजंत्री तर नाहीच. तेव्हा निदान बाह्या तरी आईच्या असाव्यात, असे जेरुशाला वाटले. आई त्या बाह्या घालून समुद्र ओलांडून आली आणि पहिल्याच हिवाळ्यात तापाने गेली. जेरुशा तेव्हा इतकी लहान होती की तिला आईचा चेहरा आठवत नव्हता. आठवत होते ते हलणारे जहाज, आणि मुठीत घट्ट धरलेली लाल बाही. त्या बाहीशिवाय आईचे तिच्याकडे काहीच नव्हते.

हे सगळे एलिफलेट ग्राइम्सला सांगून उपयोग नव्हता. एलिफलेट म्हणजे गावाने त्या वर्षी नेमलेला कपड्यांचा पहारेकरी. खरे तर गावसभेत त्याची बडबड थांबावी म्हणून लोकांनी त्याला काहीतरी काम दिले, आणि मग कपाळावर हात मारून घेतला. बॉस्टनच्या सरकारचा हुकूम होता की कपड्याला शोभेची चीर द्यायचीच असेल तर बाहीला एक आणि पाठीला एक, त्याहून जास्त दिसली तर कपडा जप्त. एलिफलेटने हा हुकूम प्रार्थनेसारखा पाठ केला होता. प्रवचनात पेंगणाऱ्यांना ढोसायची लांब काठीही त्याच्याकडेच असायची. तिच्या एका टोकाला लाकडी गाठ, दुसऱ्याला कोल्ह्याचे शेपूट. पुरुषांना गाठ आणि बायकांना शेपूट, असा त्याचा न्याय.

दोन प्रवचनांच्या मधल्या सुट्टीत त्याने जेरुशाला दाराबाहेर गाठले.

“भगिनी टिल्डन, हात वर करा.”

“एक की दोन्ही, बंधू?”

“दोन्ही. एक, दोन, तीन... आणि इकडंही तीन! कायदा किती देतो?”

“बाहीला एक, पाठीला एक. माझ्या पाठीला एकही नाही. ती वजा करा की.”

आजूबाजूच्या बायका रुमालात तोंड लपवून खोकल्या.

“थट्टा आवरा,” एलिफलेट म्हणाला. “देवाच्या दारात उभ्या आहात.”

“आईच्या बाह्या आहेत, बंधू. जुने कपडे झिजेपर्यंत घालायला कायद्यानंच मुभा दिलीय.”

“झिजेपर्यंत! अहो, पेटीत सुगंधी पाला घालून ठेवता आणि सणासुदीला काढता. अशानं त्या जगबुडीपर्यंत टिकतील. कायदा झिजवा म्हणतो, जपा म्हणत नाही.”

“मग असं समजा, ह्या चिराच नाहीत. जुनं कापड, उंदरानं कुरतडलं.”

“उंदरानं सरळ रेषेत कुरतडलं आणि वर काठाला टाके घातले?”

“आमच्या घरचे उंदीर नीटनेटके आहेत.”

आता पुरुषही खोकू लागले. एलिफलेटचे कान लाल झाले. रागावला की त्याचा चेहरा तसाच राहायचा, फक्त कान पेटायचे.

“ऐका सगळे!” त्याने काठी आपटली. “चीर कात्रीनं पडो, उंदरानं पडो, नाहीतर सैतानाच्या नखानं. वरच्या कापडातून आतलं कापड दिसलं, की ती चीर. हेच मी पुढच्या महिन्यात कोर्टात शपथेवर सांगणार. बाह्या जप्त होतील, आणि फाडून गरिबांच्या मोज्यांना ठिगळं लावायला जातील.”

जेरुशाचे हसू तिथेच थांबले. फाडून म्हटल्यावर तिने दोन्ही हात एप्रनखाली घेतले आणि दुसरे प्रवचन तसेच ऐकले, म्हणजे ऐकलेच नाही.

घरी मावशीने सगळे ऐकून घेतले आणि चुलीपाशी थुंकली. टॅमसिन मावशी आईची थोरली बहीण. नदीच्या अलीकडच्या सगळ्या गावांचे कापड तीच रंगवायची, आणि आता जेरुशाही. दोघींचे हात मनगटापर्यंत कायमचे निळे.

“एलिफलेट ना? लहानपणी शेंबूड बाहीला पुसायचा तो. त्याची बाही तेव्हा कुणी जप्त केली नाही.”

जेबेझ संध्याकाळी आला. “बाह्या पिंपात घालतो,” तो म्हणाला. “वरून खारवलेले मासे. कुणाच्या बापाला कळणार नाही.”

“आणि लग्नात मला माशांचा वास मारेल.”

“मला चालेल.”

“मला नाही चालणार!” जेरुशा म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्यासमोर रडली. जेबेझचे हसू मावळले. त्याला काय करावे ते कळेना, म्हणून त्याने चुलीत लाकडे घातली.

ह्यानंतर काहीच दिवसांनी, अगदी भर दुपारी, मागच्या दारावर थाप पडली. दारात एलिफलेट. काखेत गाठोडे. इकडेतिकडे बघत तो असा आत शिरला की जणू मावशी चोरीचा माल विकत होती.

गाठोड्यातून त्याचा डगला आणि गुडघ्यापर्यंतची विजार निघाली. दोन्ही तपकिरी, गंजलेल्या लोखंडाच्या रंगाची. चांगला जाड माल होता, अजून दहा हिवाळे सहज काढले असते.

“काळं करायचं,” तो कुजबुजला.

“का रे बाबा?” मावशी म्हणाली. “कोण गेलं?”

“कुणी गेलं नाही. कोर्टाला बॉस्टनहून होलोवे साहेब येणार. ते काळ्यात असतात, पाद्रीही काळ्यात असतात. मला त्यांच्या शेजारी उभं राहून आरोप वाचायचेत. गंजकट डगल्यात शोभतं का ते?”

आता काळा रंग म्हणजे चैन. परके लोक समजतात की आम्ही जन्मतःच काळे कपडे घालून येतो. अहो, काळा परवडतो कुणाला! गावाचे अंग तपकिरी, करडे, काळजाच्या रंगाचे, पिवळट मातीचे. उदास रंग म्हणतात त्यांना, आणि ते घालणारे बरेचदा रंगांपेक्षा आनंदी असतात. खरा काळा फक्त मोठ्या खुर्च्यांवर बसतो. म्हणूनच एलिफलेटला तो हवा होता. दुसऱ्यांच्या चिरा मोजणाऱ्या माणसाला स्वतःची हौस मात्र मोजता येत नव्हती. आणि ज्या मुलीच्या बाह्या आपण फाडायला निघालो, तिच्याच हातून ही हौस पुरवून घेण्यात त्याला काही वावगे वाटले नाही. रंगारी नदीच्या अलीकडे दुसरा नव्हताच.

जेरुशाच्या मनात आले, नाही म्हणावे. मग तिने मावशीकडे पाहिले. मावशी डगला उजेडात धरून बघत होती आणि तिच्या ओठांचा एक कोपरा हलत होता.

“होईल,” जेरुशा म्हणाली. “कोर्टाला वेळ आहे. आधी निळ्यात चार बुचकळ्या देऊ, गडद निळा करून घेऊ. मग तुरट मायफळाच्या काढ्यात, आणि शेवटी अगदी थोडा हिराकस, लोखंडाचा क्षार. काळा होईल तो मरेपर्यंत राहील.”

“निळ्यात?” एलिफलेटची नजर चुलीकडे गेली.

चुलीजवळ, ऊब राहील अशा जागी, निळीचे मडके होते. निळीला विरघळायला काय लागते ते गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मुरलेले मूत. सकाळी शेजारपाजारच्या घरांतून झाकलेल्या बादल्या मावशीच्या मागच्या दाराशी यायच्या, आणि कुणाची बादली किती चांगली ह्यावरून बायकांत चढाओढही व्हायची. गावातला प्रत्येक निळा एप्रन, प्रत्येक निळा मोजा ह्याच मडक्यातून निघाला होता. धुऊन वाळवला की वासाचा मागमूस राहत नाही. पण मडक्याचे झाकण उघडले की डोळ्यांतून पाणी येते, हे मात्र खरे.

मावशीने नेमके तेव्हाच झाकण उघडले.

“बंद करा!” एलिफलेट नाक दाबून मागे सरकला. “सगळ्या गावाचं... ते... अंगावर घालून मी न्यायासनाशेजारी उभा राहू? निळा नको. सरळ काळा करा.”

“सरळ काळा होत नाही, बंधू. निळ्याचा आधार नसला की काळा धरत नाही. मग हिराकस वाढवावा लागतो, आणि हिराकस जास्त झाला की तो कापड खातो.”

“कापड खातो! हिराकसाला काय दात आहेत?”

“दात नाहीत, पण खातो. आज नाही दिसणार. वाळलं, चार दिवस घडीत राहिलं, की चुरायला लागेल.”

एलिफलेटने तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिले. “कळतं मला, भगिनी. बाह्यांचा राग आहे तुमच्या पोटात. मला चांगलं काळं मिळू नये, म्हणून ही कथा.”

आता खरे सांगायचे तर राग होता. पण सांगितलेले अक्षर न अक्षर खरे होते. खरे बोलूनही खोटारडी ठरल्यावर जेरुशाला जो संताप आला, तो बाह्यांच्या वेळी आला नव्हता. रंगाच्या बाबतीत ती कधी कुणाशी खोटे बोलली नव्हती.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “तुम्ही सांगाल तसं करते. एक चिमूट कमी नाही, एक चिमूट जास्त नाही. फक्त मावशीसमोर मोठ्यानं सांगा.”

“निळा नको,” एलिफलेट मोठ्याने म्हणाला. “हिराकस घाला हवा तितका.”

“ऐकलं गं बाई,” मावशी म्हणाली. “बहिऱ्यानंही ऐकलं असतं.”

मायफळाच्या काढ्यात डगला आणि विजार शिजली, हिराकस पडला, आणि कापड करडे झाले. एलिफलेट बघायला आला. “हे उंदरासारखं दिसतंय,” तो म्हणाला. “अजून घाला.” जेरुशाने पुन्हा एकदा सांगितले, कापड खाईल. त्याने हात झटकला. तिने अजून घातला. रंग गडद झाला, पण होलोवे साहेबांसारखा झाला नाही. “अजून,” एलिफलेट म्हणाला. मग त्याने स्वतःच हिराकसाचे भांडे उचलले आणि उरलासुरला सगळा पातेल्यात उपडा केला. मावशीने छातीवर हात ठेवला, पण ती हसू दाबत होती की देवाचे नाव घेत होती, ते समजले नाही.

ओला डगला बाहेर काढला तेव्हा तो काळाकुट्ट दिसत होता. एलिफलेट खूश. “बघा! निळ्याशिवाय झाला की नाही?”

“झाला,” जेरुशा म्हणाली.

कोर्टाचा दिवस थंडीचा उजाडला. कोर्ट प्रार्थनाघरातच भरायचे. होलोवे साहेब पुढे टेबलाशी बसले होते, सुजलेला पाय स्टुलावर ठेवून. म्हातारा माणूस, भुवया इतक्या दाट की डोळे उघडे आहेत की मिटलेले ते पटकन कळत नसे. त्यांचा काळा डगला खरा काळा होता. मनगटाशी जिथे कापड घासले होते तिथे, काळ्याच्या आतून गडद निळा दिसत होता. जेरुशाने पहिल्यांदा तेच पाहिले. कुठल्यातरी गावचे मडके साहेबांच्याही अंगावर होते.

मग एलिफलेट आला. काळा डगला, काळी विजार, वर पांढरीशुभ्र रुंद कॉलर. चालताना तो हात शरीरापासून जरा लांब धरत होता, आणि लोक बाजूला सरकून वाट देत होते. आपल्या नेहमीच्या बाकाकडे न जाता तो थेट टेबलाशेजारी जाऊन उभा राहिला.

“आपण नवे पाद्री का?” होलोवे साहेबांनी विचारले.

“नाही साहेब, मी आपला साधा...” एलिफलेट म्हणाला, पण गालातल्या गालात इतका सुखावला की पुढचे शब्द गिळले.

जेरुशा करड्या बाह्यांत उभी होती. लाल बाह्या पुराव्यादाखल टेबलावर पडल्या होत्या. दुसऱ्याच्या टेबलावर त्या लहान वाटत होत्या, तिच्या आठवणीतल्यापेक्षा कितीतरी लहान. आज ह्या परत मिळाल्या नाहीत तर आईचा हात मी शेवटचा त्या पेटीतून काढला, असे तिला वाटून गेले.

एलिफलेटने घसा खाकरला. कायदा सांगितला, तारीख सांगितली, उंदीर वगळले. मग व्याख्येवर आला. “साहेब, माझं म्हणणं साधं आहे. चीर कशानंही पडो, वरच्या कापडातून आतलं कापड दिसलं की ती चीर. त्याला सबब नाही. आणि ह्या पाहा!” त्याने एक बाही उचलली आणि उजवा हात उंच केला.

वाळका पाला चुरगळावा तसा आवाज झाला.

एलिफलेटला वाटले, कुणीतरी अक्रोड फोडला. त्याने मागे वळून रागाने पाहिले. पण जेरुशा समोर होती आणि तिला नीट दिसले: त्याच्या काखेशी डगला उभा फाटला होता, आणि आतून बायकोने विणलेली लालभडक लोकरीची बंडी बाहेर बघत होती. थंडीची लाल बंडी सगळेच घालतात, त्यात वावगे काही नाही. फक्त ती दिसायची नसते.

जेरुशाने मावशीकडे पाहिले. मावशी छताकडे बघत होती.

“साहेब,” जेरुशा अत्यंत नम्रपणे म्हणाली, “मागच्या बाकांवर बसलेल्यांना बाही दिसत नाही. बंधूंनी जरा आणखी वर धरली तर बरं.”

“धरा,” साहेब म्हणाले.

एलिफलेटने हात ताणला. कोपरापाशी दुसरी चीर पडली.

“आणि दुसऱ्या हातानं दुसरी,” जेरुशा म्हणाली. “जोडी आहे ना. गुन्हा दोन्ही बाह्यांचा.”

एलिफलेटला ती स्वतःच्याच विरुद्ध बोलतेय ह्याचा इतका आनंद झाला की त्याने दुसरी बाही झटक्यात उचलली. डाव्या बाजूने दोन आवाज आले. पहिल्या बाकावर कुणीतरी खोकले. बायकांच्या बाजूने रुमाल तोंडाकडे जाऊ लागले.

“डावीकडच्या बायकांनाही दाखवा, बंधू. पूर्ण वळा.”

तो वळला. पाठ मधोमध उसवली, आणि कापड पिकलेल्या शेंगेसारखे दोन्हीकडे उघडले. आता हशा आवरणे गावाच्या हाती राहिले नाही. एलिफलेटला वाटले, लोक बाह्यांना हसताहेत. “हसा!” तो गरजला. “हीच ती निर्लज्ज चैन!” आणि त्या आवेशात त्याच्या हातातली बाही खाली पडली.

ती उचलायला तो वाकला.

विजारीचे काय झाले ते सविस्तर सांगत नाही. इतकेच सांगतो की शर्ट पांढरा होता, स्वच्छ होता, आणि त्याचा शेपटा लांब होता. जेबेझ लंट बाकावरून खाली घसरला आणि बराच वेळ वर आला नाही.

आता एलिफलेटला गार वारा लागला. त्याने मागे हात नेला, आणि त्याचे कान पेटले.

होलोवे साहेबांच्या भुवया वर गेल्या. त्याखाली डोळे पूर्ण उघडे होते, बहुधा सुरुवातीपासूनच.

“बंधू ग्राइम्स, कायदा बाहीला किती चिरा देतो?”

“ए... एक, साहेब.”

“पाठीला?”

“एक.”

“पाठीचं जमलं. बाह्यांचं जमलेलं नाही. आणि विजारीबद्दल कायदा गप्प आहे, कारण हे कुणाला सुचलंच नाही.”

“साहेब, ह्या चिरा नाहीत!” एलिफलेट कळवळला. “हे फाटलंय! ह्या बाईनं मुद्दाम...”

“तिनं सांगितलं होतं, कापड खाईल म्हणून,” मावशी उभी राहून म्हणाली. “एकदा नाही, तीनदा. माझ्यासमोर. शेवटचा हिराकस तू स्वतः ओतलास, एलिफलेट. बायबलवर हात ठेवून सांगते.”

“ते खरं का?”

खोटे बोलण्याचे धाडस एलिफलेटमध्ये नव्हते, हे त्याच्याबद्दल चांगले सांगायला हवे. त्याने मान डोलावली.

“मग ऐका,” साहेब म्हणाले. “तुमची व्याख्या मला फार आवडली. कशानंही पडो, आतलं दिसलं की ती चीर. ती धरली, तर ह्या मुलीच्या बाह्या जप्त. आणि तुमचा डगला आणि विजारही जप्त, आत्ता, इथंच, कारण कायदा घरी जाऊन बदलून या म्हणत नाही. किंवा मग जुनं कापड होतं, झिजलं, असं म्हणा. जुनं झिजेपर्यंत घालायला मुभा आहे. तुमच्याही आणि तिच्याही. दोन्हींतलं कुठलं ते तुम्हीच सांगा. शपथ तुम्ही घेतलीय.”

जेरुशाचे हात एप्रनमध्ये घट्ट वळले होते. हा माणूस इतका हट्टी की थंडीत शर्टावर उभा राहील, पण शब्द मागे घेणार नाही, अशी तिला खात्री वाटू लागली. गंमत संपली होती. त्याच्या फाटक्या डगल्याबरोबर तिची आईही जाणार होती, आणि तिनेच त्याला वळायला सांगितले होते.

एलिफलेटने हातातल्या लाल बाहीकडे पाहिले. आपल्या काखेतून डोकावणाऱ्या लाल बंडीकडे पाहिले. मग बायकांच्या बाकांकडे, जिथे त्याची स्वतःची बायको चेहरा दोन्ही हातांत झाकून हलत होती, आणि रडत नव्हती.

“झीज,” तो म्हणाला.

“मोठ्यानं. मागच्या बाकांना ऐकू येत नाही.”

“झीज! ही झीज आहे. माझीही आणि... भगिनी टिल्डनचीही.”

“तीन-तीन?”

“तीन-तीन.”

“टाके घातलेली?”

“नीटनेटकी झीज आहे, साहेब.”

साहेबांनी बाह्या जेरुशाकडे सरकवल्या. तिने त्या उचलून छातीशी धरल्या. तिला हसायचे होते, पण रडूच आले, आणि सगळ्यांदेखत आले, तरी तिला त्याची लाज वाटली नाही. मग तिने एलिफलेटकडे पाहिले. तो टेबलाशी पाठ लावून उभा होता, कारण दुसरीकडे कुठेच पाठ लावता येत नव्हती. दारापर्यंत सगळ्या गावामधून जायचे होते, आणि गाव वाट बघत बसले होते.

जेरुशाने एप्रनच्या नाड्या सोडल्या. त्याच्यापाशी गेली आणि एप्रन त्याच्या कमरेला मागच्या बाजूने धरला.

“निळा आहे, बंधू,” ती हळूच म्हणाली. “आमच्या मडक्यातला. चालेल ना?”

एलिफलेटने एकदा दाराकडे पाहिले. “बांधा,” तो म्हणाला.

तिने पक्की गाठ मारली. मार्शवेलच्या घराघरांतल्या बादल्यांचा तो निळा रंग पाठीशी घेऊन एलिफलेट ग्राइम्स प्रार्थनाघरातून बाहेर पडला. कोल्ह्याच्या शेपटाची काठी तो टेबलाशीच विसरला. पुढच्या रविवारी जेरुशाने झाल्या प्रकाराबद्दल देवाकडे थोडी लाज मागितली, कारण मागायला हवी होती. मिळाली नाही.

लग्न ठरल्या दिवशी झाले. सकाळी मावशीने लाल बाह्यांच्या नाड्या तिच्या खांद्यांशी बांधल्या आणि दोन्ही बाह्यांवर हात ठेवून उभी राहिली. तेवढ्यात मागच्या दारावर थाप पडली.

जेरुशाने दार उघडले. बाहेर एलिफलेट, शेतातल्या जुन्या कपड्यांत. एका हातात धुऊन घडी केलेला निळा एप्रन आणि नव्या लोकरीच्या कापडाचा डगल्यापुरता तपकिरी तुकडा. दुसऱ्या हातात झाकलेली बादली. त्याने तिच्या बाह्यांकडे पाहिले, ओठ हलले, पण मोजले नाही.

बादली त्याने उंबऱ्याशी ठेवली.

“आधी निळा,” तो तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाला. “मग काळा. घाई नाही.”

“आणि ही बादली कुणाची, बंधू?”

त्याचे कान पेटले.

“आमच्या घरची,” एलिफलेट म्हणाला. “चांगली मुरलेली आहे.”